शेगडीने निवडलेलं शहर

आमच्या घराण्यात सहलीला जायचं म्हणजे गाडीत आधी गॅसचा सिलिंडर चढतो, मग माणसं. शेगडी, परात, तवा, बाजरीचं पीठ, आमटीचं येसर, ठेच्याची बरणी. बाहेरचं पोटाला बाधतं, हा माझ्या थोरल्या दिरांचा सिद्धांत. हेच गृहस्थ काष्टीच्या बाजारात माशा बसलेली भजी उभ्या-उभ्या हाणतात, तेव्हा त्यांचं नाजूक पोट कुठे गेलेलं असतं, देव जाणे.

या सिद्धांतापायी आमच्या जाऊबाईंनी पुष्कळ मुलूख पाहिलाय, पण पार्किंगमधून. दौलताबादचा किल्ला विचारा, पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगतील. वेरूळची त्यांची आठवण म्हणजे वारा फार, शेगडी टिकत नाही. मी बँकेत नोकरी करते म्हणून माझी सुटका कांदे चिरण्यावर होते. भाकरी मात्र जाऊबाईंच्याच हातची लागते. माझ्या तव्यावर फुटतात, असं दीर म्हणतात, आणि ते खरंच आहे.

यंदा दिवाळीनंतर केडगावला आमच्या घरी बैठक बसली. म्हैसूर की विजापूर? दीर काडीने दात कोरत होते आणि कोरून निघालेलं निरखून पाहत होते. आमचे हे मोबाईलवर राजवाड्याचे फोटो सरकवत होते. राजे, लढाया, बांधकाम यांतला एक शब्द कुणी काढला नाही. मटण कुठे चांगलं मिळतं आणि रस्ता कुठला बरा, एवढीच चर्चा. ऐकून मला शिसारी आली.

तेवढ्यात जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मला इजापूर बघायचंय. त्या घुमटात हाक मारली की सात येळा माघारी येती म्हनं. मला एकदा मारायचीय."

इतक्या वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. दीर म्हणाले, "घरात काय कमी वरडती व्हय?" आणि दोघे भाऊ खदाखदा हसले. या बाईचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही.

कौल म्हैसूरकडेच झुकला होता. मग ठरवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. म्हैसूरला राजवाड्यापाशी शेगडी पेटवू देत नाहीत म्हणे. झालं! एका मिनिटात विजापूर ठरलं. दीर उपकार केल्याच्या थाटात म्हणाले, "घे, तुझ्या मनासारखं झालं."

जाऊबाईंना मात्र कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या हरखल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी पीठ चाळता चाळता मला हळूच म्हणाल्या, "मी आईला हाक मारू का गं? ती तर गेली. चालतं का तसं?"

"चालतं की, ताई," मी म्हटलं.

विजापूरला पोचेस्तोवर दुपार कलली. गाडी लिंबाच्या झाडाखाली लागली. आधीच्या मंडळींची खरकटी द्रोण-पत्रावळी, अंड्यांची टरफलं आणि गुटख्याच्या पुड्या तिथेच पसरलेल्या. त्यातच पायाने जागा करून आम्ही सतरंजी टाकली. "आमी चक्कर मारून येतो, तवर भाकऱ्या टाका. मग तुमी जावा," असं सांगून दोघे भाऊ आत गेले. जाऊबाई नव्या साडीवर जुना टॉवेल गुंडाळून थापायला बसल्या. मधूनच मान वर करून घुमटाकडे बघायच्या.

ऊन उतरल्यावर भाऊ परतले, ते थेट ताटावरच बसले. पहिला घास तोंडात असतानाच दीर सांगू लागले, "लई भारी! म्या आत वरडलो, भाकरी झाली का! सात येळा माघारी आलं बघ!"

रस्सा ह्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता आणि हे हसत होते. माझ्याच नवऱ्याची मला किळस आली. ज्या जागेत ती बाई आपल्या आईला हाक मारणार होती, तिथे हे दोघे भाकरी मागून आले होते.

फाटक बंद व्हायला फार वेळ नव्हता. मी उठले आणि गॅस बंद केला. "ताई, उठा. तिकिटं मी काढते."

जाऊबाई अर्ध्या उठल्या. तेवढ्यात दिरांनी रिकामं ताट पुढे सरकवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाऊबाईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग खाली बसल्या, काडी ओढून शेगडी पुन्हा पेटवली आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं.

"र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आईला काय, घरूनबी हाक मारता येती."