गोणपाट आणि पातळ

मी तशी तोंडाची फटकळ, पण त्या दुष्काळात ऊसतोडीला निघायचं ठरलं अन् मी मुकाट बोचकं बांधलं. आमचं गाव शिरूर कासारकडचं. पावसानं पार दडी मारलेली. आदल्या हंगामात कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, थंडीनं पोरीची छाती भरली होती, मरता मरता वाचली. म्हणून या खेपेला दोन वर्षांच्या लेकीला थोरल्या जाऊबाईंजवळ ठेवायचं ठरलं. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. मला धास्ती होती ती त्याचीच. परत येईपर्यंत पोर माझी राहील का?

जाऊबाई तेव्हा दूध सोसायटीच्या चारा छावणीत आमची जनावरं घेऊन बसलेल्या. निघायच्या आधी मी तिथं नुसत्या घिरट्या घालत होते. आमच्या गाईचं वासरू दगावलं होतं, अन् शेजारच्या दावणीला आई मेलेलं एक वासरू हंबरत होतं. जवळ गेलं की गाय त्याला शिंगावर घ्यायची. जाऊबाईंनी काय करावं? आमचं वासरू ज्या गोणपाटावर निजायचं, ते त्या परक्या वासराच्या पाठीवर बांधलं अन् वरून मिठाचं पाणी शिंपडलं. गाईनं हुंगलं, चाटलं अन् पान्हा सोडला.

"फसली की ओ गाय!" मी म्हणाले.

"कशाची फसती?" जाऊबाई म्हणाल्या. "तिची कास ठणकती, त्याचं पोट जळतंय. चार दिसांनी गोणपाट काढलं तरी पाजती का न्हाई बघ. येकदा चाटलं की आपलंच."

येकदा चाटलं की आपलंच! निघताना मी अंगावरचं जुनं पातळ बदललं अन् त्यांच्या हवाली केलं. "पोरीला हेच पांघरा, बाई. माझा वास राहू द्या."

फडात जीव थाऱ्यावर नव्हता. कोयता उसावर, ध्यान गावाकडं. कुणाचंही पोर रडलं की मी मोळी टाकून वळून बघायची. नवरा वैतागायचा, "कशाला जीव खाती माझा? लेक घरीच हाय न्हवं?" मुकादमाच्या फोनवर जाऊबाई सांगायच्या, लेक लई मजेत हाय. मला त्याचाच राग यायचा. आईविना मजेत कशी राहते ही भवानी?

हंगाम सरला. परतताना ट्रॅक्टर मांजरसुंब्याला चहाला थांबला, तर मी खाली उतरलेच नाही. छावणीत शिरले अन् समोर माझंच पातळ! जाऊबाई ते नेसून शेण भरत होत्या, अन् लेक त्यांच्या पदराला लोंबकळत होती. मला बघून ती पदराआड दडली.

मी भडकले. "पोरीला पांघरायला दिलं होतं, बाई! तुमी नेसून बसलात?"

"पांघरूण फेकून द्यायची ती," जाऊबाई म्हणाल्या. "टाहो फोडायची, मला जवळ येऊ देईना, घास घेईना. मंग मीच नेसले. तवा कुठं मांडीवर आली."

त्या आडोशाला गेल्या, दुसरं नेसून आल्या अन् पातळ माझ्यापुढं धरलं. "नेस. यील ती."

मी नेसले. शेणाचा वास, पेंडीचा वास, जाऊबाईंच्या मिसरीचा वास. माझा कुठंच नव्हता. पोर हळूहळू आली, पदर नाकाशी धरून माझ्या मांडीवर बसली. जाऊबाई आमच्याकडं पाठ करून गाईला पेंड चारायला लागल्या. ते वासरू कासेला लुचत होतं, पाठीवर गोणपाट नव्हतं. जाऊबाईंचे खांदे हलत होते.

"बाई," मी म्हणाले, "हे पातळ मी धुणार न्हाई."