सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं फडकं

शहापुरातलं आमचं गॅरेज माझ्या मामांनी सुरू केलं. आज ते मी चालवतो आणि मामा दाराशी स्टुलावर बसलेले असतात. गिऱ्हाइकं त्यांना गाडीला हात लावू देत नाहीत. याला कारण मी आहे. सहा वर्षं हे कुणाजवळ बोललो नाही.

मामांची एक रीत होती. थंड गाडी चालू करायची, सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं फडकं दाबून धरायला लावायचं आणि आपण इंजिनापासून मागेपर्यंत कान लावत जायचं. धूर मधेच कुठे वाट काढत असला तर फुसफुस ऐकू येते. मी गाडीतला बिघाड आकड्यात दाखवणारा स्कॅनर आणला तेव्हा ते म्हणाले, "तुझी पाटी आकडा दाखवते रे. भोक नाय दाखवत."

शेणव्याच्या शाळेतल्या एक बाई शहापुराहून रोज स्वतःच्या गाडीने जायच्या. दगड लागून त्यांचा सायलेन्सर फाटला, इंजिनाकडचा पाइपही वाकला. मी पाइप सोडवून सरळ केला. परत जोडताना सांध्यातून धूर निसटू नये म्हणून घालायला नवं गॅस्केट नव्हतं. दुसऱ्या दिवशी कल्याणहून आलं असतं. पण बाईंना सकाळी शाळा. मी जुनंच बसवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी पेट्रोल प्यायला लागली. स्कॅनरने पहिल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवलं. त्या गाडीत असे सेन्सर दोन. धूर साफ करणाऱ्या डब्याच्या अलीकडे, इंजिनाजवळ एक. पलीकडे, गाडीच्या पोटाखाली दुसरा. पहिला धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून पेट्रोल कमीजास्त होतं. दुसरा डबा नीट काम करतोय का ते बघतो. मी पहिला बदलला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर.

"सेन्सर खरंच सांगतोय," मामा म्हणाले. "त्याच्या आदी कुठून तरी हवा शिरते. ती बाहेरची हे त्या बिचाऱ्याला काय ठाव?"

फडकं मी धरलं. मामांचा कान नेमका त्या सांध्यापाशी थांबला. "काय रे, येतंय ऐकू?"

येत होतं.

सांधा उघडल्यावर करपलेलं गॅस्केट हातात घेऊन बाईंनी विचारलं, "हे कुणी बसवलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वाट बघितली म्हणा. मी स्कॅनरची वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झाली, तशी सोडून पुन्हा गुंडाळली.

"मीच," मामा म्हणाले. "डोळे गेले आता."

"मग चष्मा लावा मामा, नाहीतर घरी बसा!" बाई हसतच म्हणाल्या, पण ते सापगावपर्यंत पोचलं. गिऱ्हाइकं मला बाजूला घेऊन सांगायची, "तुमीच बघा, म्हाताऱ्याला नको." मी मान डोलवायचो. मामांनी एक दिवस त्यांचे पाने पुसून माझ्या फळीवर ठेवले. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. दुपारी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी निम्मी खातात आणि मीठ कमी आहे म्हणतात, एवढीच काय ती तक्रार.

गेल्या महिन्यात बाई आल्या. पुन्हा तोच दिवा. "तुम्हीच बघा हं," त्या हळूच म्हणाल्या, "मामांना नको."

स्टूल चार हातांवर होतं. मामा रस्त्याकडे बघत होते, फार लक्ष देऊन.

"बाई," मी म्हणालो, "ते जुनं गॅस्केट माझं होतं. मामांनी अंगावर घेतलं. मी घेऊ दिलं."

बाई स्टुलाकडे वळल्या. "मामा, बघता का जरा गाडी?"

"जुनं कशाला उकरतो हा," मामा पुटपुटले, पण गुडघ्यांवर हात देऊन उठले. बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, माझ्या हातात दिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप रे," ते म्हणाले. "गाडी ऐकू दे."