स्वेनुंगचा लोखंडी ठोका

तेलेमार्कच्या त्या खोऱ्यात चाळीस वर्षं बस हाकणारा स्वेनुंग थांब्यावर कधी वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नाही. पण फिडल, म्हणजे तिथलं लोकनृत्याचं व्हायोलिन, हातात आलं की त्याच्याइतका वक्तशीर माणूस नाही, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्याने तो स्वतः म्हणे. तिथल्या स्प्रिंगार नाचाला तीन ठोके असतात आणि तिन्ही असमान: पहिला लांब, दुसरा मध्यम, तिसरा आखूड. वादकाने पाय आपटून ते धरायचे. बाहेरचा पाहुणा नाचायला उतरला की तिसऱ्या ठोक्याला हमखास कुणाच्या तरी अंगावर जातो. स्वेनुंगने याच ठोक्यावर स्पर्धांमधून अकरा चांदीचे पेले आणले होते.

मग दोन वर्षांपूर्वी माशी शिंकली. सलग दोन स्पर्धांत परीक्षकांनी लिहिलं, 'ठोका डळमळीत.'

"यंदाही तेच लिहिलं तर फिडल भिंतीला टांगतो," तो बायकोला, इंगेरीदला म्हणाला.

"टांग. पण पेल्यांची धूळ तूच पुसायची," ती म्हणाली.

ती हसली, पण तो खरंच घाबरला होता. फिडल गेलं तर मागे उरणार होता तो फक्त उशिरा येणारा बसवाला.

शेवटचा उपाय म्हणून तो तालुक्याच्या संगीत संग्रहालयात गेला. तिथल्या तोन्येकडे रेकॉर्डिंगमधले ठोके मोजणारा एक प्रोग्राम होता. स्वेनुंगने पिशवीभर जुन्या घरगुती कॅसेट आणि परवाच घरी केलेलं नवं रेकॉर्डिंग टेबलावर ठेवलं. प्रोग्रामने आधी तिन्ही ठोके समान धरले आणि निकाल दिला, की वादक दर तीन पावलांनी अडखळतो.

"तुझं यंत्र शहरात वाढलेलं दिसतंय," स्वेनुंग म्हणाला.

तोन्येने यंत्राला लांब, मध्यम, आखूड समजावलं, तसं ते शुद्धीवर आलं. जुन्या कॅसेटवर पायाचे ठोके एकामागून एक उभे राहिले, केसाचाही फरक नाही. फिडल मात्र प्रत्येक वेळी पायाच्या जरासं मागून येत होतं.

"बघ! लोखंडी पाय!" स्वेनुंगने मांडीवर थाप मारली.

"पण नव्या रेकॉर्डिंगमध्ये पाय ऐकूच येत नाही हो."

"कसा येईल? घरात बूट घालून कोण बसतं? मी लोकरीचे मोजे घालून वाजवतो. जन्मभर."

तोन्ये हळूच म्हणाली, "मग जुन्या कॅसेटवर कोण आहे?"

तिने कॅसेट शेवटापर्यंत ऐकवली. धून संपली, फिडल थांबलं. पाय थांबला नाही. तो खट खट करत पाच पावलं चालत गेला आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण वाजलं.

स्वेनुंगने ती पावलं ओळखली. तो वाजवायला बसायचा त्या स्वयंपाकघराची फरशी गार म्हणून इंगेरीद तिथे लाकडी सपाता घालायची. स्पर्धेत ती पहिल्या रांगेत बसून पाय आपटायची. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला, तेव्हापासून घरी ती बैठकीतल्या मऊ खुर्चीत असते आणि स्पर्धेत मागे, हात टेकायच्या खुर्च्या असतात तिथे.

घरी येऊन त्याने दारातूनच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तू सुटायचास रे. बस चालवताना रेंगाळायचास आणि वाजवताना पळायचास. कुणीतरी धरायला नको?"

"सांगितलं का नाहीस?"

"पेला हातात घेतलास की फार गोड दिसायचास."

त्याने कपाटामागून सपाता काढल्या. तिने डावी घातली, पण त्या पायाला सवय नव्हती. तिसरा ठोका दर वेळी लांबायचा.

"चुकतेयस," तो म्हणाला.

"मग तू दाखव ना!"

त्याने मोजा काढून उजवी सपात चढवली. टाच बाहेर लोंबत राहिली. चार दिवस दोघं एकेका सपातेने स्वयंपाकघराची फरशी बडवत होती, आणि वॉफल दोनदा करपले.

शनिवारी चांदीच्या बकलांचा बूट एकाच पायात घालून तो मंचावर गेला. दुसऱ्या पायात बायकोची सपात. नंबर सातवा आला. परीक्षकांनी लिहिलं, 'ठोका सापडला. पायात काय होतं?'

सोमवारी त्याने संग्रहालयात जाऊन प्रत्येक कॅसेटच्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'फिडल: स्वेनुंग. ठोका: इंगेरीद.' एक कार्ड तिला दाखवायला घरी आणलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि कार्ड परत केलं.

"नावं उलटी लिहिलीस. आधी मी येते, तू मागून."