बोडका र

वहिनीने टायरवरून अंगठा फिरवला की गाडीचा मालक सावध व्हायचा.

"मागचा ब्रेक फार दाबता," ती म्हणायची. "आणि परवा कुठेतरी फुटपाथवर चढलात."

"कोणी सांगितलं?" मालक इकडेतिकडे बघायचा.

"यानंच," म्हणून ती टायरला थोपटायची.

दुकान तिच्या नवऱ्याचं. त्याच्या कंबरेत एकदा उसण भरली ती कायमची मुक्कामाला राहिली. तेव्हापासून तो पंपाशेजारच्या खुर्चीत बसून गाड्यांत हवा भरायचा आणि जगाला सल्ले द्यायचा. लोखंडी पट्ट्या घालून रिंगवरून टायर उचकटायचं काम वहिनीच्या हातात आलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं दारातूनच माघारी फिरली. बाईमाणसाने बसवलेलं चाक वाटेतच निघून पळेल, अशी त्यांची खात्री. तेव्हा धाकटा दीर आपली मोटारसायकल ढकलत आला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "वहिनी, दोन्ही टायर बदला!" त्या दिवसापासून ती सगळ्यांचीच वहिनी झाली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा "वहिनी, हवा बघा जरा" म्हणू लागली. दिराचं ते ओरडणं वहिनी विसरली नव्हती.

हा दीर घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारा, दुसऱ्यांची घड्याळं सेकंदावर आणून देणारा. पण चाळिशी उलटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. गावाबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या शर्यती व्हायच्या, त्यात तो उतरू लागला. तीन वर्षं झाली, दर शर्यतीत शेवटचा. झेंडा दाखवणारा माणूस झेंडा गुंडाळून चहाला निघायचा, तेव्हा हा लांबून येताना दिसायचा. लोक त्याला 'मागचा काटा' म्हणत.

शेवटचा येण्याचं त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीच्या जावेला, काही वाटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं. पहिल्या वर्षी पडला तेव्हा खांद्याचं हाड गेलं. दुसऱ्या वर्षी मनगट. सहा आठवडे निम्म्या गावाची घड्याळं बंद. तेव्हा जावेने निकाल दिला, "आता एकदा जरी पडलात, तरी गाडी विकायची. आणि त्या जागी मला कपाट."

मोटारसायकल त्यांच्या घरात स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात उभी असे. जाव रोज हँडल चुकवत, पोट आत घेत तिथून जायची. निकाल देऊन ती थांबली नाही. फितीने बोळ मोजला, कपाट पसंत केलं, आरसा डावीकडे की उजवीकडे तेही ठरवून टाकलं. यंदाची शर्यत तोंडावर आली तसं दिराला ते न आलेलं कपाट झोपेत दिसू लागलं.

शर्यतीच्या पाच दिवस आधी तो दोन्ही चाकं काढून रिक्षातून दुकानात घेऊन आला.

"वहिनी, यंदा रेसचे टायर घाला. दाताचे डॉक्टर घालतात तसले."

दाताचे डॉक्टर म्हणजे हौशी गटातले पहिले. त्यांच्याकडे सगळंच होतं. शर्यतीआधी टायर गरम ठेवायला विजेवर तापणाऱ्या गोधड्यासुद्धा होत्या.

वहिनीने जुना टायर मांडीवर घेतला आणि अंगठा फिरवला. मधला पट्टा झिजून गुळगुळीत. दोन्ही कडा मात्र दुकानातून कालच नेल्यासारख्या. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते कडेला अजून ताठ उभे होते.

"भावजी, वळणावर गाडी कलते का कधी तुमची?"

"म्हणजे? भरपूर कलते!"

"मग हे केस कोणी विंचरून ठेवले?"

खुर्चीतून नवरा खो खो हसला आणि कंबर धरून गप्प बसला. दिराचे कान लाल झाले. "म्हणूनच तर चांगले टायर हवेत! टायरवर भरवसा असला की माणूस आपोआप कलतो."

"अहो, रेसचं रबर तापलं तरच चिकटतं. गार असताना ते साबणाच्या वडीसारखं. डॉक्टर गोधड्या घालतात, वर वाऱ्यासारखे पळतात, म्हणून त्यांचं तापतं. तुमच्याकडे गोधडी आहे?"

"मी पहिल्या दोन फेऱ्यांत तापवीन."

"तुमच्या चालीनं हातातला चहासुद्धा निवतो," वहिनी म्हणाली. "रस्त्याचा चांगला टायर घाला. तो दोन वळणांत जागा होतो आणि जो वेग तुमच्यापाशी आहे त्याला पुरून उरतो."

"रस्त्याचा? तो तर दूधवालासुद्धा घालतो!" दीर उठलाच. "नसेल द्यायचा तर तसं सांगा. चौकातला माणूस देईल."

चौकातला माणूस खरंच देईल, हे वहिनीला माहीत होतं. तो वरून पाठही थोपटेल. मग भावजी गारेगार रबरावर पहिल्याच वळणावर आडवे, आणि बोळात कपाट उभं. अन् घड्याळाच्या दुकानातला हा वाकलेला माणूस पुन्हा आयुष्यभर वाकलेलाच. शर्यतीच्या आठवड्यात तो शीळ घालत चालायचा. बाकी वर्षभर ती शीळ कुठे जायची कोण जाणे.

"बरं," वहिनी म्हणाली. "परवा न्या."

नवऱ्याने मान वर केली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. तिचं 'बरं' इतक्या लवकर आलं की काहीतरी शिजतंय, हे त्याला कळायचं. पण कंबरेने त्याला एक गोष्ट शिकवली होती. उगाच हलू नये.

आता वहिनीच्या अक्षरांबद्दल सांगायला हवं. शाळा चौथीपर्यंतच. तिथे मास्तर पट्टी घेऊन तिच्या डोक्यावर उभे असायचे, कारण तिला अक्षरावर रेघ द्यायचा कंटाळा. "अक्षर आहे का काय हे? बोडकं!" म्हणून ते पट्टी आपटायचे. पुढे दुकानात खडूने टायरवर खूण करायची वेळ आली तेव्हा तिने एकेका अक्षरावर काम भागवलं. पावसाच्या टायरवर प. रेसच्या टायरवर र. आणि रस्त्याच्या टायरवरही 'र'च. घोटाळा नको म्हणून रेसच्या र ला डोक्यावर रेघ, आणि रस्त्याचा तो बोडका र. रेघ देण्याएवढी ऐट फक्त रेसच्या टायरची. मास्तरांनी एवढं रागावलेलं असं कामाला आलं.

ठरल्या दिवशी दीर आला तेव्हा दोन्ही चाकं भिंतीला टेकून तयार. काळेभोर, नवेकोरे टायर. एकाच कंपनीचे रेसचे आणि रस्त्याचे टायर म्हणजे सख्खे भाऊ, तोंडवळा एक. एकाच्या अंगावर दोन खाचा कमी एवढाच काय तो फरक.

"हेच ना?" दिराने विचारलं.

"वाचा की," वहिनी म्हणाली आणि पंक्चर काढायला बसली.

दिराने वाचलं. दोन्ही टायरवर ठळक, पांढरा र. केसाएवढी स्प्रिंग बघणाऱ्या माणसाला डोक्यावरची रेघ नाही हे दिसलं नाही. आनंदाला भिंग नसतं. त्याने एका टायरचा चक्क मुका घेतला.

"हळू चालवा दोन दिवस," वहिनी त्या मुक्याकडे न बघता म्हणाली. "नवं रबर गुळगुळीत असतं, त्याची कांती जाऊ द्या. आणि हवेला हात लावायचा नाही. मी भरलीय ती मोजून भरलीय." तेवढ्यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने हवेच्या तोंडावरची टोपणं पकडीने आवळून टाकली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बोळात तयारी चालली. आरसे काढले. दिव्यावर चिकटपट्टी, म्हणजे पडलं तर काचा ट्रॅकवर सांडू नयेत. तेलाच्या बोल्टला तारेचा फास, कारण शर्यतीआधी गाड्या तपासणारा माणूस पहिल्यांदा तेच बघतो. मग दिराला वजन कमी करायची हुक्की आली. त्याने गाडी उभी करायचं स्टँड काढलं, अवजारांची पिशवी काढली, चावीच्या जुडग्यातून घराची किल्लीसुद्धा काढली.

जाव कणीक मळता मळता बघत होती. "किल्लीचे शंभर ग्रॅम वाचवलेत. पोटाचे सहा किलो कुठे ठेवणार आहात?"

"पोट खाली असतं. त्यानं तोल राहतो."

"राहू दे हो तोल. कपाटवाला सोमवारी यायला तयार आहे."

शर्यतीची सकाळ ढगाळ आणि गार निघाली. ट्रॅकवर हात टेकवला तर फरशीवर टेकवल्यासारखा. वहिनी नवऱ्याबरोबर जाळीच्या कुंपणाला लागून उभी राहिली. शेजारी जाव, पर्समध्ये फीत घेऊन. पलीकडे डॉक्टरांची गाडी गोधड्या पांघरून आजाऱ्यासारखी बसली होती. दीर तिकडे जाऊन कितीची हवा भरली ते ऐकून आला आणि आपलीही कमी करायला बसला. टोपण हलेना. बोटं लाल झाली, टोपण जागच्या जागी. शेवटी कर्णा वाजला आणि त्याला तसंच जावं लागलं.

चौदा गाड्या रांगेत लागल्या. गोधड्या निघाल्या. आता झेंडा पडणार, तोच एक पिवळं कुत्रं ट्रॅकवर आलं आणि दुसऱ्या वळणावर अंग पसरून झोपलं. दोन माणसं धावली. कुत्रं उठलं, चार पावलं गेलं आणि दुसरीकडे झोपलं. यात चांगली दहा मिनिटं गेली. चौदा माणसं हेल्मेटात उकडत होती आणि चौदा गाड्यांचे टायर गार पडत होते. डॉक्टर सारखे वाकून आपल्या टायरला हात लावत होते. दीरही खाली वाकून पुढच्या चाकाकडे बघत बसला होता.

"काय बघतायत एवढं?" जाव म्हणाली.

वहिनी जाळीला नाक लावून बघू लागली. टायरच्या कुशीवर बारीक उठावाची अक्षरं असतात, कोण वाचतो म्हणा ती. पण दहा मिनिटं म्हणजे घड्याळजीला फार झाली.

झेंडा पडला. डॉक्टर सवयीप्रमाणे पुढे सुटले, सवयीप्रमाणे दुसऱ्या वळणावर कलले, आणि गाडी त्यांच्या खालून निसटून एकटीच पुढे गेली. डॉक्टर गवतात बसून राहिले. पाठोपाठ आणखी दोघं, रेसच्या टायरवाले. बाकीच्यांनी घाबरून हात आखडता घेतला. आणि दीर? तो रमतगमत आला. त्या वळणावर गाडी कलली, खरोखर कलली, आणि चिकटून पुढे गेली.

जावेने वहिनीचा हात घट्ट धरला. आठ फेऱ्या संपेपर्यंत सोडला नाही. कपाटाचं नाव तिने काढलं नाही.

चौदांत सहावा. झेंडेवाला अजून जागेवर होता.

खाली उतरताच दीर मोठमोठ्याने सांगू लागला, "टायर! सगळी टायरची कमाल. रेसचं रबर ते रेसचं रबर!" भोवती घोळका जमला. तेवढ्यात डॉक्टर गवत झटकत आले, दिराच्या टायरपाशी उकिडवे बसले, आणि उठून वहिनीच्या कानाशी लागले. "वहिनी, हे तर रस्त्याचे आहेत."

"डॉक्टर," वहिनी हळूच म्हणाली, "जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणालात. आज स्वतःचं मिटा."

डॉक्टरांनी मिटलं. दुसऱ्या दिवशी फोन करून तसलेच दोन टायर मागवले मात्र.

चार दिवसांनी दीर दुकानात आला. नवरा पंपाशी डुलक्या घेत होता. दिराने खिशातून भिंग काढून वहिनीसमोर ठेवलं.

"त्या कुत्र्यानं दहा मिनिटं दिली, वहिनी. सगळी अक्षरं वाचून झाली माझी."

वहिनीने लोखंडी पट्टी खाली ठेवली. "मग तिथंच का नाही बोललात?"

"बोलून काय? झेंडा पडायची वेळ झाली होती. म्हटलं, वहिनीनं घातलाय, पाडणार नाही. कलून तर बघू."

"आणि ती रेसच्या रबराची बडबड?"

"बाकीच्यांना घेऊ द्या की रेसचे," दीर डोळे मिचकावून म्हणाला. "पुढच्या वेळी पण सकाळ गारच असेल."

वहिनी हसू दाबत राहिली. "खोटं बोललात हो तुम्ही."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे बोलले? तुम्ही वाचलंत." मग तिने पदराने हात पुसले. "आणि पहिल्या दिवशी 'दोन्ही बदला' म्हणून ओरडलात, तेव्हा मागचा टायर चांगला होता. महिनाभर तरी चालला असता. अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं मला."

दिराने भिंग उचलून खिशात घातलं. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्यालाच ठाऊक, अशा भ्रमात तो होता.

"आणि कपाट?" वहिनीने विचारलं.

"आलं. लहान आलं. भिंतीवर, गाडीच्या वर ठोकलं. आता ही हँडलवर पाय देऊन डबे काढते."

त्याने गाडी आत ढकलली. वहिनी खाली बसली आणि टायरवरून सावकाश अंगठा फिरवला. डावी कड घासून खरखरीत झाली होती. एक केस शिल्लक नव्हता. दिराची छाती फुगली.

मग तिचा अंगठा उजवीकडे गेला आणि थांबला.

"भावजी," ती म्हणाली, "इकडचे अजून विंचरलेलेच आहेत."