अक्का आणि कुड्याच्या फुलांची भाजी

कॅन्सर कळला तेव्हा अक्का रडल्या नाहीत. तोंडाची चव गेली तेव्हा रडल्या.

आज पहाटे त्या गेल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर पाटणच्या डोंगरात, सासर आमचं कुंडल. इथं चहूकडं ऊस.
नव्या नवरीनं बांधावरचा पाला खुडायचा आणि विचारायचं, "ह्याची भाजी करत्यात का हितं?"
सासूबाई वैतागायच्या. "अगं, शेरडाला काय ठिवशील का न्हाई?"

केमो सुरू झाली आणि भाकरी मातीसारखी लागायला लागली. एक दिवस रडून घेतलं.
मग म्हणाल्या, "जिभेचं काय मेलंय नि काय जित्तं हाय, बघूया की."

चिंच. मीठ. ठेचा.
जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या. "न्हाई गं."

"कडू बघायचं राहिलं."
"कारलं आणू?"
"कारलं नगं. कुड्याची फुलं. चैत्र सरत आला, फुलला असंल डोंगराला."

डॉक्टरांना फोन केला. नीट शिजवून थोडी खाऊ दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

पाटणच्या पुढं चढाला झुडपं पांढऱ्या फुलांनी भरलेली. मला वाटलं, अक्का गाडीत बसून सांगतील. पण उतरल्या. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क, ओच्यात फुलं.
धापा टाकत, फुलांवरच्या मधमाश्या बघून मधेच विचारतात, "ह्या माश्यांचा मध बी कडूच हुत असंल का गं?"
मला काय माहीत!

फुलं उकडून दोनदा पिळतात, कडूपणा जावा म्हणून. "आज एकदाच पिळ," म्हणाल्या. कांदा, लसूण, मिरची, थोडी मूगडाळ.

पहिला घास घेतला. मी बघत उभी.

"कडू हाय."
मग सोप्यातल्या थोरल्या भाऊजींना हाक, "आवं, या की हिकडं! कडू लागतंय! लय कडू लागतंय!"

भाऊजी पळत आले. एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि तसेच भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत उभे राहिले.
अक्कांनी ताटली पुसून खाल्ली.

पुढं हळूहळू बाकीच्या चवीही आल्या. वर्षभर बरं गेलं. मग आजार उलटला.

शेवटी गिळता येत नव्हतं. तरी ओट्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या.
परवा आवाज फुटत नव्हता. हातानं मला खाली वाकवलं, कानाशी पुटपुटल्या.
"आमटीत काय घातलंस? वास निराळा येतोय."
"मेथीदाणे, अक्का."
"बरं केलंस."

सुखानं जावा, अक्का.
तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार.