काळी रेती परत न्यायची होती

बायको दवाखान्यात होती आणि मी एसटीत रेतीची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडी धावत होती, पण मला सरकतच नाही असं वाटे.

रेती टेकडीखालच्या नाल्यातली. वर काळ्या दगडात भुयार आहे, आत महादेव. गावचे मास्तर सांगत, जमिनीतून जाळ वर आला अन् थिजून हा दगड झाला; त्याचाच चुरा म्हणजे ही काळी रेती. लेकीच्या लग्नाआधी आम्ही दोघं दर्शनाला गेलतो. बायकोनं देव घाईत उरकला आणि नाल्यात बसून पदरात रेती भरली.

"हे तापली का लवकर निवत नाई जी. फुटाणे कसे फुटतात पाहा."

पुजारी ओरडला, "बाई, इथलं काई घरी नेऊ नाई!"

"देवाले का फुटाणे भाजाचे हायेत?" ती म्हणाली. मीही हसलो. पुढं कितीतरी वर्षं त्या रेतीतले फुटाणे खाल्ले.

मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि पुजाऱ्याचं बोलणं मला चावायला लागलं. खाटेवरून तिनं हात धरला. "बसा ना जरा. काऊन सारखी उठबस करून राह्यले?" मी साळीला तिच्याजवळ बसवलं आणि काम आहे म्हणून निघालो.

चैत्राचं ऊन. नाल्यातली रेती चपलेतून भाजत होती. मागच्या खेपेला भेवानं भुयारात शिरलो नव्हतो. आता कोपरांवर सरपटत गेलो. ओला दगड, वटवाघळांचा वास. पिंड चाचपूनच कळली. मागणं घरून पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "घे तुझी रेती."

बाहेर येऊन नाल्यात पिशवी झटकली. काळ्यात काळं मिसळलं. परतीची गाडी चुकली. फाट्यावर नुसत्या येरझारा घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो.

"कुठी गेलते जी?"

सांगितलं. ती हसली, हसता हसता कळ आली. "अवो, अर्धी रेती तं मी शेजारणीले देल्ली."

मी लगेच उठलो, शेजारणीकडे जायला. तिनं धोतर धरलं. "आता गेले तं परत येऊच नोका."

बसलो. पाय हलत होते, तरी बसलो. तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी ती गेली. त्या तीन दिवसांआधीचा एक दिवस मी रेतीपायी घालवला, तो काही मला पचत नाही.