अध्यक्षांच्या फोटोशिवाय न चालणारा काटा

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. वडील नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मला कॉम्प्युटरच्या कामासाठी सहा महिने तात्पुरतं घेतलं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत नगर. माझा अर्ज पुढे सरकवला तो कार्यालय अधीक्षकांनी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांचे ते उपकार मी आजही मानतो, म्हणून पुढचं लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं.

मला उसाच्या वजनकाट्यासाठी प्रोग्राम करायचा होता. गाडीचा नंबर टाकायचा, वजन घ्यायचं, पावती छापायची. प्रोग्राम चालू झाला. भाऊसाहेबांनी पडद्याकडे पाहून नाक मुरडलं.

"ही बटनं राखंत लोळल्यासारखी का दिसत्यात? सायबांच्या कारखान्याला शोभंल असं करा की."

मग मी ठिपक्याला ठिपका जोडून बटणांवरची चित्रं स्वतः काढली. पावतीसाठी ऊस, बंद करण्यासाठी धुराडं, वजनासाठी बैल. बैल पाहून "शेरडू कशाला जुंपलंय?" असं भाऊसाहेबांनी विचारलं, म्हणून शिंगं वाढवली. या सगळ्यामागे पडदाभर अध्यक्षांचा फोटो असावा, असं त्यांनी ठरवलं. तो नगरला स्कॅन करून फ्लॉपीवर आणला.

फोटो कुठे ठेवलाय, प्रिंटर कोणता, काट्याची वायर कुठे जोडलीय, हे सगळं मी एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. प्रोग्राम सुरू होताना आधी ती फाइल वाचायचा.

"आन् फोटो घावलाच न्हाई तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तर प्रोग्राम सुरूच होणार नाही," मी छाती फुगवून सांगितलं. प्रिंटर सापडला नाही तर पावती हाताने लिहा, अशी सूचना यायची. अध्यक्ष सापडले नाहीत तर सगळंच बंद. भाऊसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

ऐन हंगामात संचालक मंडळाची निवडणूक झाली आणि अध्यक्ष पडले. नवे अध्यक्ष येण्याच्या आदल्या दिवशी शिपायांनी शिडी लावून खोल्याखोल्यांतले जुने फोटो उतरवले. ही तिथली रीतच होती. भाऊसाहेब रीतीच्याही एक पाऊल पुढे गेले. कॉम्प्युटरवर त्यांना फाइल पुसण्याएवढंच यायचं. काटाघरात जाऊन त्यांनी कॉम्प्युटरमधला फोटोही मन लावून पुसला.

सकाळी मी मशीन सुरू केलं, तर मीच लिहिलेलं वाक्य समोर आलं : 'माननीय अध्यक्षांचा फोटो उपलब्ध नाही. कामकाज बंद करण्यात येत आहे.'

बाहेर बैलगाड्यांची रांग रस्त्याला भिडली. एक म्हातारा गाडीवान खिडकीतून डोकावला. "सायेब, अध्यक्ष पडलं तर काटा बी पडला व्हय?"

"नाही बाबा, फोटो सापडत नाहीये."

"कुनाचा?"

"जुन्या अध्यक्षांचा."

"अवो, आमी त्यास्नी पाच वरीस हुडकत हुतो. घावलं न्हाईत."

गाडीवान हसले. मला हसू येईना. माझे सहा महिने संपायला आठवडा उरला होता, आणि नवे अध्यक्ष कामाची पाहणी काट्यापासूनच सुरू करणार होते. प्रोग्राम दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला असता. ती साधी फाइल मात्र तिथल्या तिथे बदलता येत होती. मी ती उघडली आणि फोटोच्या ओळीत हाताशी होतं त्या चित्राचं नाव लिहिलं. काटा सुरू झाला. पडदाभर बैल पसरला. ताणल्यामुळे त्याचा एकेक ठिपका विटेएवढा झाला होता.

चार गाड्या वजन होऊन गेल्या आणि नवे अध्यक्ष भाऊसाहेबांना घेऊन आत आले. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"हितं आधी कोन हुतं?"

"माजी अध्यक्ष, साहेब," मी म्हणालो.

"आन् आता?"

भाऊसाहेबच पुढे झाले. "बैल, सायेब. शेतकऱ्याचं राज्य आलं ना. मीच सांगितलं ह्यांना."

"आन् सकाळी काटा का थांबल्ता?"

"लाइट गेल्ती." डोक्यावरचा पंखा सकाळपासून गरगर फिरत होता. मी मान खाली घातली. खरं सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

अध्यक्ष प्रसन्न झाले. "मला फोटोबिटोची हौस न्हाई," ते म्हणाले. निघताना दारात थांबून त्यांनी पुन्हा पडदा न्याहाळला. "बैलाच्या उजव्या अंगाला जागा दिसतीया जरा."

त्यांचा फोटो नगरहून स्कॅन होऊन येईपर्यंत मी प्रोग्राममधली ती अट काढून टाकली. आता कुणाचा फोटो असो वा नसो, काटा चालणार होता. ही गोष्ट मी भाऊसाहेबांना सांगितली नाही.

आठवड्याने कायम केल्याचं पत्र मिळालं. 'कल्पकता व निष्ठा पाहून,' असं त्यात लिहिलं होतं. घरी वडिलांनी ते अक्षर अक्षर लावत दोनदा वाचलं.

"म्हंजी नेमकं केलंस काय तू?"

"मीच बंद पाडलेलं मीच चालू केलं."

"मग बरोबर हाय," ते पत्राची घडी घालत म्हणाले. "आमच्याकडं त्याला फोरमन करत्यात."